ओळख न गमावता लावलेला क्रम

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रुळाच्या उभ्या कण्यावर दोन तऱ्हांची अक्षरे आढळतात. उठावाची अक्षरे लाटणयंत्रातच उमटलेली असतात. कारखान्याची खूण, पोलादाची प्रत, रुळाचा छेद, महिना व वर्ष अशी माहिती त्यांतून मिळते. त्यांच्या शेजारी, धातू तप्त असतानाच ठोकून खोल उमटवलेला एक क्रमांक असतो. कारखान्याच्या बोलीत त्याला ‘हीट नंबर’ म्हणतात. भट्टीतून एका वेळी निघालेला पोलादाचा रस म्हणजे एक हीट. त्या एका रसापासून अनेक रूळ बनतात आणि प्रयोगशाळेने मोजलेले कार्बन, मँगनीज, फॉस्फरस, हायड्रोजन यांचे प्रमाण त्याच क्रमांकापुढे नोंदले जाते.

हायड्रोजनची नोंद विशेष महत्त्वाची असते. थंड होत असलेल्या पोलादात अडकलेला हायड्रोजन आतल्या आत सूक्ष्म तडे पाडतो. ते वरून दिसत नाहीत आणि गाड्यांच्या भाराखाली वाढत जातात. म्हणून भारतीय रेल्वेच्या रूळविषयक मानकाने द्रवरूप पोलादातील हायड्रोजनवर दशलक्षात १.६ भाग अशी मर्यादा घातली. आता एखाद्या पाळीच्या शंभर हीटांची यादी समोर असावी आणि अभियंत्याने म्हणावे, ‘हायड्रोजनचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या हीट वर आणा.’ मागणी साधी आहे. परंतु यादी लावणाऱ्याने केवळ आकडे उतरत्या क्रमाने मांडले आणि त्यांच्यापुढचे हीट क्रमांक गळून पडले, तर वरचा आकडा धोक्याचा आहे एवढेच कळेल. तो धोका कोणत्या रुळांत आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही.

संगणकाच्या भाषेत अशा यादीला ‘असोसिएटिव्ह अ‍ॅरे’ म्हणतात. तीत प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात. एक ओळखखूण, म्हणजे ‘की’, आणि तिला बांधलेले मूल्य. हीट क्रमांक ही ओळखखूण, हायड्रोजनचे प्रमाण हे मूल्य. जगातील असंख्य संकेतस्थळांमागे असलेल्या पीएचपी या भाषेत अशी यादी लावण्यासाठी एकाहून अधिक आज्ञा आहेत, आणि त्यांच्या नावांतील एकेका अक्षराने अर्थ पालटतो. ‘सॉर्ट’ ही आज्ञा मूल्ये चढत्या क्रमाने लावते, मात्र जुन्या ओळखखुणा टाकून देऊन शून्य, एक, दोन असे नवे अनुक्रमांक देते. ‘एसॉर्ट’ मूल्यांचा क्रम लावते आणि प्रत्येक मूल्याची ओळखखूण त्याच्यापाशीच ठेवते. ‘एआरसॉर्ट’ तेच काम उतरत्या क्रमाने करते. ‘केसॉर्ट’ ओळखखुणांच्या क्रमाने यादी लावते. नवशिक्याने घाईत पहिली आज्ञा वापरली, तर संगणक कसलीही तक्रार करत नाही. यादी सुबक दिसते, क्रम अचूक असतो, आणि सर्व नावे नाहीशी झालेली असतात.

नावे टाकून देणे हा सदैव दोष असतो असे मात्र नाही. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची प्रसिद्ध क्रिया याच त्यागावर उभी आहे. चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावावेत, मग चढत्या क्रमाने लावावेत, मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथून हलत नाही. एकम, दशम, शतक ही स्थाने म्हणजे अंकांच्या ओळखखुणाच होत. कापरेकर प्रत्येक पायरीवर त्या पुसून टाकतात आणि अंकांना नव्या जागी बसवतात. तेथे पुसणे हेतुपुरस्सर आहे. रुळांच्या यादीत ते अपघाताने घडते.

ओळख आणि मूल्य यांची गाठ सुटू नये, ही चिंता संगणकाहून जुनी आहे. १९०१ साली भिलाई हे रायपूर जिल्ह्यातील एक खेडे होते. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ मध्ये झाला. हा सारा मुलूख मध्य प्रांतात मोडत असे आणि त्याचा कारभार नागपुराहून चाले. त्या वर्षीच्या जनगणनेत हिंदुस्थान सरकारने हिशोबाची पद्धत बदलली. तोवर कारकून गणनेच्या वह्या उघडून मोठ्या तक्त्यांवर खुणा करीत असे. एक माणूस, एक रेघ. स्त्रिया किती, विधवा किती, अमुक वयाचे किती, हे त्या रेघा मोजून ठरे. रेघ ओढली की माणूस तिच्यात विरघळून जाई. तीच माणसे वयाऐवजी व्यवसायानुसार लावायची झाली, तर वह्या पुन्हा पहिल्यापासून चाळाव्या लागत. १९०१ मध्ये प्रत्येक माणसासाठी एक स्वतंत्र चिठ्ठी आली. ही कल्पना जर्मनीतील बव्हेरियाच्या जनगणनेतून घेतलेली होती. वय, जात, व्यवसाय, भाषा हे सारे त्या एका चिठ्ठीवर एकत्र. धर्मानुसार चिठ्ठीचा रंग निराळा असे. चिठ्ठ्या खणाखणांच्या कपाटांत वाटायच्या, मोजायच्या, पुन्हा एकत्र करून दुसऱ्या निकषाने वाटायच्या. क्रम कितीही वेळा बदलला, तरी एका माणसाची माहिती एकमेकींपासून सुटत नसे. ‘एसॉर्ट’ जे करते ते कागदावर याच रीतीने होत होते.

अमेरिकेत त्याआधीच, १८९० च्या जनगणनेत, हर्मन हॉलरिथ यांनी भोके पाडलेली कार्डे वापरली होती. तत्त्व तेच. कार्ड जेथे जाईल तेथे आपली सर्व भोके घेऊन जाते. पुढे आलेल्या कार्डे लावणाऱ्या यंत्रांत आणखी एक गुण होता, ज्याचे महत्त्व फार उशिरा उमगले. आधी एकम स्थानावरून कार्डे वाटली आणि मग दशम स्थानावरून, तर दशम स्थानी सारखा अंक असलेली कार्डे आपापसांत आधीचाच क्रम राखून पडत. यंत्रात कार्डे एकामागून एक जात असल्याने ते आपोआप घडे. तसे न घडते, तर स्थानागणिक कार्डे लावण्याची ती सारी पद्धतच कोसळली असती. समान मूल्यांचा पूर्वक्रम न मोडणाऱ्या अशा मांडणीला ‘स्थिर’ म्हणतात. या शब्दाकडे पुढे परत यावे लागेल.

कार्डांची उणीव वेगळी होती. लाख कार्डांतून एक हवे असेल, तर शोधणे जिकिरीचे. जानेवारी १९५३ मध्ये आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात उपाय सुचवला. ओळखखुणेवरच एक लहानसे गणित करावे आणि येणाऱ्या उत्तराच्या क्रमांकाच्या खणात ती नोंद ठेवावी. पुढे हवी झाली की तेच गणित पुन्हा करायचे आणि थेट त्या खणाशी जायचे. यालाच आज ‘हॅशिंग’ म्हणतात. शोध झटपट झाला, परंतु त्याची किंमत मोजावी लागली. खणांतील नोंदींना आता कसलाच क्रम उरला नाही, कारण गणिताचे काम नोंदी विखुरणे हेच होते. नाव सांगितले की मूल्य मिळे. मूल्यांच्या उतरंडीने नावे मागितली की व्यवस्था गप्प बसे.

पुढच्या भाषांनी ही अडचण वेगवेगळ्या रीतींनी सोसली. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी ‘ऑक’ ही भाषा घडवली. त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिचे नाव पडले. तीत असोसिएटिव्ह अ‍ॅरे होते, पण ते लावण्याची सोय नव्हती. यादी छापून दुसऱ्या आज्ञेच्या हवाली करावी लागे. पर्ल भाषेत ओळखखुणांची वेगळी यादी काढून ती मूल्यांच्या क्रमाने लावता येई, मूळ साठा मात्र विस्कळीतच राही.

पीएचपीने येथे वेगळी वाट धरली. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डॉर्फ यांनी जून १९९५ मध्ये आपल्या व्यक्तिगत पानासाठी केलेली साधने लोकांसाठी खुली केली, तेथून या भाषेचा आरंभ धरतात. झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्रायलमधील दोघांनी तिची पुनर्बांधणी केली आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आले. ‘एसॉर्ट’ आणि ‘एआरसॉर्ट’ त्या आवृत्तीत होते. या भाषेतील अ‍ॅरे एकाच वेळी दोन कामे करतो. हॅशिंगमुळे नाव सांगताच मूल्य मिळते, आणि नोंदी ज्या क्रमाने आल्या तो क्रमही लक्षात राहतो. पूर्वी प्रत्येक नोंद मागची कोण आणि पुढची कोण याचा पत्ता बाळगत असे. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने नोंदी सलग ओळीत ठेवल्या आणि शोधासाठी वेगळी अनुक्रमणिका बांधली. ‘एसॉर्ट’ चालवताना ओळखखूण आणि मूल्य यांची अख्खी जोडी उचलून हलवली जाते आणि नंतर अनुक्रमणिका नव्याने उभी केली जाते. १९०१ ची चिठ्ठी येथे स्मृतिकोशात अवतरली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मूल्य म्हणजे संख्याच, असे गृहीत धरणे मात्र मराठी किंवा हिंदी मजकुराच्या बाबतीत महागात पडते. गुण देवनागरी अंकांत लिहिलेले असतील, तर पीएचपी त्यांना संख्या मानत नाही, अक्षरे मानते. मग पहिले चिन्ह पाहून निवाडा होतो आणि चढत्या यादीत ‘१००’ हे ‘९९’ च्या आधी येऊन बसते, कारण एक हा नवाहून लहान. नावांच्या बाबतीत दुसरी गंमत आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ‘ल’ च्या लगेच पुढे आणि ‘व’ च्या आधी आहे. त्यामुळे मुलामुलींच्या नावांची यादी साध्या ‘एसॉर्ट’ने लावली, तर ‘काळे’ हे ‘कावळे’ यांच्या आधी येतात, आणि पाठ्यपुस्तकातील वर्णक्रम शिकलेल्या लिपिकाला ती यादी चुकलेली वाटते. त्याचे म्हणणे योग्यच असते. यासाठी पीएचपीत ‘कोलेटर’ नावाचे वेगळे साधन आहे. त्यालाही स्वतःची ‘एसॉर्ट’ आज्ञा आहे आणि ती विशिष्ट भाषेचे वर्णक्रमाचे नियम विचारात घेते. ते पुष्कळ ठिकाणी वापरलेच जात नाही.

आता ‘स्थिर’ या शब्दाकडे वळू. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. त्या दिवशी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. ती भोपाळला गेली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. ज्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अशा अवजड उद्योगांना अग्रक्रम दिला, तिचा आराखडा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा. त्यांच्या कोलकात्याच्या संख्याशास्त्र संस्थेत त्याच दशकाच्या अखेरीस ‘उरल’ हा सोव्हिएत संगणकही येऊन पोचला. भिलाईची भट्टी पेटली त्याच १९५९ साली मॉस्को विद्यापीठात शिकायला गेलेला टोनी होअर हा तरुण इंग्रज रशियन भाषेचे यंत्राद्वारे भाषांतर कसे करावे या प्रश्नात गुंतला होता. वाक्यातील शब्द कोशात शोधण्यापूर्वी ते क्रमाने लावणे सोयीचे, म्हणून त्याने एक युक्ती शोधली. एक मूल्य मध्यावर धरायचे, लहान सारे एकीकडे, मोठे सारे दुसरीकडे, आणि दोन्ही भागांवर पुन्हा तेच. ही ‘क्विकसॉर्ट’ विलक्षण वेगवान ठरली आणि पुढे असंख्य भाषांच्या पोटात जाऊन बसली, पीएचपीच्याही. तिच्यात एक उणीव होती. समान मूल्ये आपापसांतील पूर्वक्रम सोडून कशीही मागेपुढे होत. कार्डांच्या यंत्राला जे फुकट मिळाले होते, ते वेगाच्या बदल्यात गमावले गेले.

त्याचे परिणाम वर्षानुवर्षे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाहीत. एखाद्या शाळेने निकालाची यादी आधी गणिताच्या गुणांनी लावली आणि मग ‘एआरसॉर्ट’ने एकूण गुणांनी, तर अपेक्षा अशी की एकूण गुण समान असणाऱ्यांत गणितात पुढे असलेला वर राहील. मांडणी स्थिर असेल तरच ही अपेक्षा पुरी होते. पीएचपी ७ मध्ये तर एक फसवा प्रकार होता. सोळापर्यंत नोंदींची यादी वेगळ्या रीतीने लावली जाई आणि ती रीत स्थिर होती. त्याहून मोठी यादी आली की क्विकसॉर्ट पुढे होई. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा दहा विद्यार्थ्यांवर तपासून पाही, सारे नीट दिसे. प्रत्यक्षात दोनशे विद्यार्थ्यांची यादी आली की समान गुणांची मुले कारणाविना वरखाली होत. जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत गेल्यावर समान नोंदींचा क्रम पालटू शकेल, अशी सूचना पीएचपी ७ च्या कागदपत्रांत दिलेली होती. ती वाचणारे थोडेच. अखेर निकिता पोपोव्ह यांनी स्थिर मांडणीचा प्रस्ताव मांडला आणि २६ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या पीएचपी ८.० पासून ‘सॉर्ट’, ‘एसॉर्ट’ आणि त्यांची सर्व भावंडे स्थिर झाली. उपाय साधा होता. मांडणीपूर्वी प्रत्येक नोंदीवर तिचा मूळ अनुक्रमांक लिहून ठेवायचा आणि दोन मूल्ये समान निघाली की तो पाहायचा. भाषा जन्मल्यापासून हे व्हायला पंचवीस वर्षे लागली.

मात्र स्थिर मांडणी म्हणजे न्याय्य मांडणी नव्हे, आणि या जागी पुष्कळांची गफलत होते. समान गुणांच्या दोघांत जो यादीत आधी होता तो आधीच राहतो, एवढीच तिची हमी. तो आधी का होता? कदाचित त्याने अर्ज लवकर भरला असेल, किंवा त्याचे नाव वर्णमालेत आधी येत असेल. ज्या निकषाचा कोणी विचारही केला नव्हता, तोच निर्णायक ठरतो, आणि दरवेळी तोच ठरत असल्यामुळे तो नियमासारखा भासू लागतो. अस्थिर मांडणीत निदान तो पक्षपात कायमचा नसतो, असे एखाद्याने म्हटले, तर ते अगदीच खोडून काढता येत नाही.

भिलाईत या प्रश्नाचे एक सजीव रूप दिसते. येथील आयआयटी २०१६ मध्ये स्थापन झाली. आरंभीचे वर्ग रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरत. कुटेलाभाठा येथील कायमची वास्तू २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रास अर्पण झाली. तिच्या पहिल्या संचालकपदी आलेले रजत मूना त्यापूर्वी पुण्याच्या सी-डॅकचे महासंचालक होते. या संस्थेत कोण शिकणार, हे जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीवरून ठरते. तेथे ओळखखूण म्हणजे परीक्षार्थीचा बैठक क्रमांक आणि मूल्य म्हणजे एकूण गुण. संगणकाच्या लेखी रुळांची यादी आणि ही यादी एकाच जातीच्या. फरक इतकाच की येथे ओळखखुणेमागे एक माणूस उभा असतो, आणि दोन क्रमांकांच्या अंतराने त्याची शाखा किंवा गाव बदलू शकते.

म्हणून समान गुणांचा निवाडा कोणत्याही भाषेच्या अंगभूत वागणुकीवर न सोपवता तो नियम म्हणून लेखी दिलेला असतो. एकूण गुण समान असल्यास ज्याचे धन गुण अधिक, म्हणजे चुकीच्या उत्तरांची कपात होण्यापूर्वीची बेरीज अधिक, तो वर. तेही समान असल्यास गणिताचे गुण पाहायचे, नंतर भौतिकशास्त्राचे. तरीही समानता उरली, तर दोघांना एकच क्रमांक. पीएचपीत असा निवाडा लिहायचा झाल्यास ‘एसॉर्ट’ पुरे पडत नाही. तेथे ‘यूएसॉर्ट’ लागते. कोणत्याही दोन नोंदींत वर कोण, हे सांगणारा नियम त्या आज्ञेला लिहून द्यावा लागतो, आणि ती ओळखखूण सांभाळून क्रम लावते. शेवटची तरतूद, दोघांना एकच क्रमांक, ही मात्र कोणतीही मांडणीची आज्ञा करून देत नाही. यादीत दोन ओळी एकाच जागी बसू शकत नाहीत. यादी लागल्यावर वरून खाली जात, मागच्या नोंदीशी सर्व बाबतींत समान असेल तिला मागचाच क्रमांक द्यायचा, हे काम वेगळे लिहावे लागते.